स्टारड्यू व्हॅली: जेली लावायची की केगसाठी थांबायचं?

स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या व्हिडिओ गेममधला प्रश्न थोडक्यात असा आहे. पहिल्या वर्षाचा उन्हाळा चालू आहे, शेतात ब्लूबेरीची ४० झाडं आहेत आणि फार्मिंग लेव्हल ४ झाल्यावर प्रिझर्व्हज जारची (फळाची जेली आणि भाजीचं लोणचं करणारं यंत्र) कृती हातात आली आहे. जो तो सांगतो की खरा पैसा वाइनमध्ये. मग जारवर लाकूड, दगड आणि कोळसा खर्च करावा, की लेव्हल ८ ला केग (फळाची वाइन आणि भाजीचा रस करणारं यंत्र) मिळेपर्यंत कळ काढावी? जार करायचेच तर किती, आणि त्यात घालायचं काय?

थांबू नका. उन्हाळा संपायच्या आत २० जार उभे करा. वाइनबद्दलचा सल्ला चुकीचा नाही, पण ज्याच्याकडे फळ कमी आणि यंत्रं भरपूर आहेत अशा खेळाडूसाठी तो आहे. तुमची अवस्था नेमकी उलट आहे. फळ उतू चाललंय आणि यंत्र एकही नाही. स्टारड्यूमधला प्रक्रियेचा सगळा हिशेब या एका गोष्टीवर फिरतो: तुमच्याकडे टंचाई कशाची आहे, फळाची की यंत्राच्या दिवसांची?

आधी सूत्रं पाहू. जेलीची किंमत म्हणजे फळाच्या मूळ किमतीची दुप्पट अधिक ५०. वाइनची किंमत मूळ किमतीच्या तिप्पट. ब्लूबेरीची मूळ किंमत ५० गोल्ड, म्हणजे तिची जेली १५० ची आणि वाइनही १५० चीच. ५० हा दोन्ही सूत्रांचा काटा आहे. त्याखालच्या फळाला जार जास्त देतो, त्यावरच्या फळाला केग. ब्लूबेरी बरोबर काट्यावर बसते, त्यामुळे ती केगमध्ये घालण्यात काहीच अर्थ नाही. तेवढेच पैसे मिळायला आठवडाभर वाट पाहावी लागते.

वेळ हा हिशेबाचा दुसरा भाग आणि बहुतेक लोक तो सोडून देतात. जेलीला खेळातली ४,००० मिनिटं लागतात, वाइनला १०,०००. यंत्राच्या दृष्टीने एक दिवस १,६०० मिनिटांचा असतो: सकाळी ६ ते रात्री २ ही १,२०० आणि तुम्ही झोपेत असताना जाणारी ४००. तुम्ही रात्री ९ ला झोपलात तरी यंत्राचं काही बुडत नाही, २ वाजेपर्यंतचा वेळ त्याच्या खात्यात जमा होतोच. म्हणजे जेली अडीच दिवसांत तयार होते आणि वाइन सव्वासहा दिवसांत.

आता क्रॅनबेरी घ्या. मूळ किंमत ७५. जेली २०० ला जाते, म्हणजे कच्च्या फळापेक्षा १२५ जास्त. वाइन २२५ ला जाते, १५० जास्त. फळागणिक पाहिलं तर केग जिंकतो. पण यंत्राच्या एका दिवसाला जारने ५० गोल्ड मिळवून दिले आणि केगने २४. अंतर दुपटीहून जास्त आहे. महागड्या फळांनाही हेच लागू पडतं. एन्शंट फ्रूटची मूळ किंमत ५५०. त्याचा जार दिवसाला २४० मिळवून देतो आणि केग १७६. सूत्रं मांडून बघा, फळ कोणतंही घ्या, यंत्राच्या दिवसाला जारच पुढे राहतो. म्हणूनच टंचाई कशाची हे आधी विचारायचं. फळ हवं तेवढं असेल तर जार, फळ मोजकं आणि महाग असेल तर केग.

तरीही एन्शंट फ्रूट केगमध्येच जावं, कारण ते मोजकं असतं. ग्रीनहाऊसमधलं एन्शंट फ्रूट दर ७ दिवसांनी फळ देतं आणि वाइन सव्वासहा दिवसांत होते. झाडाला एक केग ठेवला की दर आठवड्याला सगळं फळ वाइनमध्ये जातं, काही उरत नाही. तिथे जार वापरलात तर १,६५० ऐवजी १,१५० मिळतात, दर फळामागे ५०० चा फटका. शिवाय वाइन तळघरातल्या कास्कमध्ये मुरवून तिची किंमत दुप्पट करता येते. जेली मुरत नाही, तिला चांदण्याही (दर्जाच्या खुणा) लागत नाहीत. लावली त्या दिवशी ठरलेली किंमत तीच शेवटची.

जेलीला चांदणी नसते याचे दोन परिणाम होतात आणि दोन्ही खिशाशी संबंधित आहेत. पहिला असा की जारमध्ये साधं फळ घाला किंवा सोनेरी चांदणीचं, जेली एकाच भावाची निघते. चंदेरी चांदणीचं फळ कच्चं विकलं तर सव्वापट, सोनेरी दीडपट, इरिडियमचं दुप्पट. साध्या क्रॅनबेरीवर जार १२५ कमावतो. सोनेरी क्रॅनबेरी कच्चीच ११२ ला जाते, तिच्यावर तोच जार ८८ कमावतो. जार अपुरे असतील तर साधं फळ आधी जारमध्ये जायला हवं आणि चांदणीवालं थेट शिपिंग बिनमध्ये (विकायचा माल टाकायची पेटी). दुसरा परिणाम खताचा. ज्या पिकाची सगळी फळं जारमध्येच जाणार आहेत त्याला क्वालिटी फर्टिलायझर घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ते खत कच्च्या विकायच्या खरबुजांना द्या.

हा मुद्दा जुन्या फळझाडांच्या बाबतीत फार टोकाला जातो. वाढ पूर्ण झाल्यावर दर वर्षी फळझाडाच्या फळाला एक वरची चांदणी मिळते, तिसऱ्या वर्षानंतर इरिडियम. मूळ १४० चं पीच इरिडियमचं झालं की २८० ला जातं, लेव्हल ५ ला टिलर हा पिकाचा भाव वाढवणारा पेशा घेतला असेल तर ३०८ ला. त्याची जेली ३३०. अडीच दिवस जार अडवून पदरात पडले २२ गोल्ड. लेव्हल १० ला आर्टिझन हा पुढचा पेशा घेतल्यावर जेलीला ४० टक्के वाढ मिळते आणि ती ४६२ ची होते, तेव्हा पुन्हा विचार करता येतो. तोवर जुन्या झाडांची फळं बिनमध्ये टाकावीत.

‘स्वस्त फळं जारमध्ये घाला’ हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो आणि तो अर्धाच खरा आहे. सॅमनबेरीची किंमत ५, जेलीची ६०. बारापट म्हटल्यावर डोळे चमकतात. पण पट विकून बियाणं घेता येत नाही, गोल्डच लागतं, आणि त्या जारने अडीच दिवसांत ५५ मिळवले. त्याच जारमध्ये ब्लूबेरी असती तर १००, स्ट्रॉबेरी असती तर १७०, खरबूज असतं तर ३००. जार मोजके असताना हातातलं सगळ्यात महाग साधं फळ आधी लावायचं. जार रिकामे पडत असतील तेव्हा सॅमनबेरीसुद्धा लावायची. माझं मत विचाराल तर वसंतात १५ ते १८ तारखेला झुडपांवरून जमवलेल्या सॅमनबेऱ्या खाणीत खायला ठेवाव्यात. एकीने २५ एनर्जी मिळते, आणि पहिल्या वर्षी खाणीत आणखी थोडा वेळ टिकून राहणं ६० गोल्डपेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

केग आल्यावर वाटणी कशी करायची हेही इथेच सांगून टाकतो. फळ जारऐवजी केगमध्ये घातल्याने जो जास्तीचा पैसा मिळतो तो म्हणजे मूळ किंमत वजा ५०. ब्लूबेरीला शून्य, द्राक्षाला ३०, स्ट्रॉबेरीला ७०, खरबुजाला २००, स्टारफ्रूटला ७००. केग या यादीच्या महाग टोकाकडून भरत यायचे, जार त्याच्या खालून. हॉट पेपरला हा खेळ फळ मानतो, त्यामुळे मिरचीचं लोणचं होत नाही, जेली होते. मूळ ४०, जेली १३०, वाइन १२०. मिरची कायम जारमध्ये. भाज्यांचा काटा २०० वर आहे, कारण केगमधला रस सव्वादोन पट देतो. भोपळ्याचं लोणचं ६९० आणि रस ७२०, पण लोणचं अडीच दिवसांत आणि रस पावणेचार दिवसांत होतो. मी भोपळा जारमध्येच घालतो.

आता किती जार, ते पाहू. एका जारला ५० लाकूड, ४० दगड आणि ८ कोळसे लागतात. लाकूड आणि दगड कुऱ्हाड-कुदळ चालवून जमतात, अडतो तो कोळसा. २० जारना १६० कोळसे हवेत. पहिल्या वर्षी लोहार क्लिंटकडे कोळसा १५० ला मिळतो, सुतारकाम करणाऱ्या रॉबिनकडे लाकूड १० आणि दगड २० ला. सगळं विकत घेतलं तर एक जार २,५०० ला पडतो आणि ब्लूबेरीवर तो २५ वेळा लावल्यावर वसूल होतो. हा सौदा घेऊ नका. खाणीच्या ४१ ते ७९ मजल्यांवर डस्ट स्प्राइट मारत फिरा, काळे केसाळ गोळे उड्या मारत येतात ते. त्यांच्याकडून कोळसा भराभर मिळतो. खाणीत तितक्या खोल गेला नसाल तर चारकोल किल्न करा, १० लाकडांचा एक कोळसा होतो. या वाटेने एक जार १३० लाकडांना पडतो. दिवसभर जंगलात कुऱ्हाड चालवावी लागेल, पण खिशातून काही जात नाही.

तुमच्या ४० झाडांचा हिशेब मांडू. ब्लूबेरी १३ दिवसांत येते आणि मग दर ४ दिवसांनी ३-३ फळं देते. १ तारखेला लावली असेल तर १४, १८, २२ आणि २६ ला तोडणी, म्हणजे दर तोडणीला किमान १२० आणि हंगामात ४८०. कच्ची २४,०००, सगळ्यांची जेली केली तर ७२,०००. पण २० जार चार दिवसांत १२० फळं पचवू शकत नाहीत. पचवायची गरजही नाही, कारण या खेळात फळ सडत नाही. चेस्टमध्ये (साठवणीच्या पेटीत) टाकलेली ब्लूबेरी हिवाळ्यातही जशीच्या तशी असते. पहिल्या वर्षी जारची खरी किंमत इथे कळते. शेतात काही उगवत नाही त्या २८ दिवसांतही तुमच्याकडे रोज काहीतरी विकायला असतं.

लावण्याच्या वेळेला थोडी शिस्त लावली तर त्याच जारमधून जास्त काम निघतं. सकाळी साडेसहाला भरलेला जार तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ७:५० ला तयार होतो. बहुतेक जण तो चौथ्या दिवशी सकाळी उघडतात आणि अख्खी रात्र फुकट घालवतात. तिसऱ्या दिवशी रात्री ८ च्या सुमारास जारपाशी या, रिकामे करा, पुन्हा भरा. ते सहाव्या दिवशी सकाळी ७ च्या आत तयार असतात. सोमवारी सकाळी, बुधवारी रात्री, शनिवारी सकाळी, असे पाच दिवसांत दोन फेरे होतात. २० जार या चालीने दिवसाला सरासरी ८ जेली देतात. ४८० ब्लूबेऱ्यांना ६० दिवस, म्हणजे दोन हंगामांहून थोडे जास्त.

शरदात हीच चाल क्रॅनबेरीशी अगदी जुळते. क्रॅनबेरी ७ दिवसांत येते आणि मग दर ५ दिवसांनी २ फळं देते. १ तारखेला लावली तर ८, १३, १८, २३ आणि २८ ला तोडणी. एका झाडाला एक जार ठेवला की एका तोडणीची दोन फळं पुढच्या तोडणीपर्यंत बरोबर संपतात. म्हणून माझा आग्रह २० जारना किमान २० क्रॅनबेरीचा आहे. बी २४० ला एक मिळतं, २० चे ४,८०० झाले. जास्त लावता आल्या तर उत्तमच, जादा फळ चेस्टमध्ये जाईल. शरदात जार क्रॅनबेरीला द्या, कारण ती दर फेऱ्याला १२५ कमावते आणि ब्लूबेरी १००. उरलेली ब्लूबेरी हिवाळ्यासाठी राखा.

यात एक अडचण आहे आणि तिच्यात नवखे हमखास सापडतात. सगळी ब्लूबेरी जेलीसाठी साठवली तर शरदाच्या १ तारखेला बियाण्याला पैसे उरत नाहीत. शिपिंग बिनचे पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतात, म्हणजे जे काही विकायचं ते २८ तारखेला झोपण्यापूर्वी बिनमध्ये पडायला हवं. १ तारखेला सकाळी टाकलेल्या मालाचे पैसे २ ला येतील आणि क्रॅनबेरीचा एक दिवस जाईल. १ ऐवजी २ ला लावलेल्या क्रॅनबेरीची शेवटची तोडणी २९ ला पडते, आणि हंगामात २९ तारीख नसते. पाचपैकी एक तोडणी हातची गेली. तेव्हा तोडलेल्या ब्लूबेरीतली चांदणीवाली लगेच विका, साधी चेस्टमध्ये ठेवा आणि २६ च्या तोडणीनंतर शांतपणे मोजा. बियाण्याला कमी पडत असेल तर साधी ब्लूबेरीही बेधडक विका. क्रॅनबेरीचं एक झाड हंगामात १० फळं देतं, जेलीच्या भावाने २,००० गोल्ड. त्या झाडाच्या बियाण्यासाठी पाच ब्लूबेऱ्यांची जेली हुकली तर हुकू द्या.

विक्रीचं तंत्र असं काही नाही. भाव पडत नाही. एका दिवसात दहा जेल्या टाका किंवा पाचशे, प्रत्येकीला तोच दर. त्यामुळे भाव वाढेल म्हणून साठवण्यात अर्थ नाही, एक अपवाद सोडून. फार्मिंग लेव्हल ९ च्या पुढे असाल आणि १० दिसत असेल, तर टिलर, आर्टिझन ही वाट धरलेल्यांनी तयार जेली रोखून धरावी. आर्टिझन विकण्याच्या वेळी लागू होतं, जेली लावली तेव्हा नाही. चेस्टमध्ये पडलेली २०० ची क्रॅनबेरी जेली लेव्हल १० च्या सकाळी २८० ची होते.

जार ठेवायचे कुठे, याबद्दल फार डोकं खाऊ नका. उघड्यावर, पावसात, बर्फात कुठेही चालतात. दोन रांगा समोरासमोर, मधे एक चौकट रुंद वाट आणि वाटेच्या तोंडाशी फळांची चेस्ट एवढं पुरे. हातात फळ धरून वाटेने चालत जायचं, पहिल्या क्लिकला तयार जेली निघते, दुसऱ्याला फळ आत जातं. २० जारचा फेरा खेळातल्या काही मिनिटांत आटोपतो. शेड नंतर बांधा. त्याचे १५,००० गोल्ड आत्ता बियाण्यात घातलेले बरे.

मार्च २०२४ च्या १.६ अपडेटमध्ये आलेल्या डिहायड्रेटरबद्दलही अनेकजण विचारतात. पाच सारखी फळं घातली की दुसऱ्या दिवशी एक सुकामेवा मिळतो, किंमत मूळ किमतीच्या साडेसात पट अधिक २५. पाच ब्लूबेऱ्यांचे ४०० होतात, कच्च्या २५० ला गेल्या असत्या आणि जेली केली असती तर ७५०. फळागणिक तो जारच्या खूप मागे आहे, पण रोज पाच फळं गिळतो. फळांचा डोंगर साचलाय आणि रोख हवी आहे, अशा वेळी तो कामाचा. त्याची कृती दुकानदार पियेरकडे १०,००० ला विकत मिळते, त्यामुळे पहिल्या उन्हाळ्यात तो तुमच्या यादीत नसावा.

पुढच्या वसंताची तयारी आत्ताच डोक्यात ठेवा. १३ वसंतच्या एग फेस्टिव्हलमध्ये स्ट्रॉबेरीचं बी १०० ला मिळतं. त्याच दिवशी लावलं तर दोनच तोडण्या होतात, २१ आणि २५ ला. पण दुसऱ्या वर्षीच्या उत्सवात बी घेऊन तिसऱ्या वर्षाच्या १ तारखेला लावलं तर ९, १३, १७, २१, २५ अशा पाच. स्ट्रॉबेरीची जेली २९०. आणि पुढे कधी कोळी विलीची बोट दुरुस्त होऊन जिंजर आयलंडला पोहोचलात, तर तिथल्या व्यापाऱ्याकडून आंब्याचं रोप नक्की घ्या. तो पैसे घेत नाही, ७५ शिंपले मागतो. दरीत, म्हणजे आपल्या शेतावर, आंबा फक्त उन्हाळ्यात लागतो, बेटावर बारमाही. मूळ किंमत १३०, जेली ३१०. पैशाच्या हिशेबाने आंबा केगमध्ये जायला हवा, तरी मी त्याची जेलीच लावतो. उन्हाळ्यात साखरांब्याची बरणी भरल्याशिवाय ज्यांच्या घरी मे महिना सरत नाही, त्यांना वेगळं सांगायला नको.

राहिला केगचा प्रश्न. जार लावले म्हणून केगची तयारी थांबवू नका, कारण केगला अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. ३० लाकूड, तांब्याची एक आणि लोखंडाची एक पट्टी आणि एक ओक रेझिन. यातलं रेझिनच हळू येतं, टॅपर (झाडाचा चीक काढायचं साधन) लावलेल्या ओकमधून साधारण आठवड्याला एक. आजच चार-पाच ओकना टॅपर ठोका, लेव्हल ८ येईपर्यंत चेस्टमध्ये पुरेसं रेझिन असेल. आणि पहिली जेली विकू नका. गावातलं कम्युनिटी सेंटर वस्तू देऊन दुरुस्त करत असाल आणि बंडल (द्यायच्या वस्तूंचे संच) नेहमीचीच ठेवली असतील, तर पॅन्ट्रीतल्या आर्टिझन बंडलला बारापैकी सहा वस्तू लागतात. त्यात जेली आहे, मध आहे, आणि सफरचंद, जर्दाळू, संत्रं, पीच, डाळिंब, चेरी ही झाडाची फळंही आहेत. शास्त्रज्ञ डिमिट्रियसने शेतावरच्या गुहेबद्दल विचारल्यावर वटवाघळं निवडली असतील तर यातली बरीचशी फळं गुहेतच मिळतात, एकही झाड न लावता. या बंडलचं बक्षीस एक केग आहे आणि त्याला लेव्हल ८ ची अट नाही. तो मिळाला की त्यात चेस्टमधलं सगळ्यात महाग फळ घाला. ब्लूबेरी नको.